नदीपल्याडचं धान

आजीचं सूप माझ्याकडे आहे. बांबूच्या काड्यांचं, सारवून सारवून काळपट झालेलं, एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेलं. त्यात तिनं धान पाखडलं, मोहफुलं निवडली आणि गावातलं जवळजवळ प्रत्येक लेकरू पहिल्यांदा त्यातच निजवलं. आजी सुईण होती. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. पलीकडे आरमोरीचा मुलूख. तिच्या उमेदीच्या काळात दोन्ही काठांना चांदा जिल्हाच होता. गडचिरोली वेगळा निघाला तो पुढे, 26 ऑगस्ट 1982 ला.

1985 मध्ये पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी गेले. दिवस भरत आलेले, झोप येत नसे. आजीही जागीच असायची. दिवसाउजेडी जे ती कधी बोलली नाही, ते तिनं त्या रात्रींत सांगितलं.

“पोट पाडाले येनारी बाई दिवसा नाही येत वं,” ती म्हणाली. “अन् येते तवा एकटीच येते. ज्यानं केलं तो घरी घोरत रायते.”

मालगुजाराच्या वाड्यातली धाकटी सून. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच विधवा झालेली, वय विशीच्या आत. दिवस कोणापासून गेले ते आजीनं सांगितलं नाही. वाड्याबाहेरचा कोणी नव्हता, एवढंच म्हणाली. आजीला बोलावणं आलं तेव्हा सातवा सरत आला होता. तिनं पोट पाडायची मुळी द्यायला साफ नकार दिला. मग त्या पोरीला धानाच्या कोठीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं आणि गावात सांगितलं, माहेरी गेली. ऐन धानकापणीच्या दिवसांत, मध्यरात्री ती बाळंत झाली. तोंडात पदराचा बोळा, कारण ओसरीवर पाहुणे झोपलेले. मुलगा झाला. ठरलं होतं ते असं, की सुईणीनं तो तलावात सोडायचा. आमच्याकडे मामा तलाव भरपूर. मामा म्हणजे माजी मालगुजारी, नात्यातला मामा नव्हे. आणि या तलावांत तरण्या विधवांचे पाय घसरायचेही भरपूर.

आजीनं पोर सुपात ठेवलं, वर लुगड्याचा धडपा टाकला आणि तलावाची वाट सोडून नदीवर गेली. एका ढिवराला उठवलं. डोंगा पल्याड लागला तेव्हा उजाडायचं होतं. तिथल्या गोंडांच्या टोल्यात तीन दिवसांपूर्वी एका बाईचं लेकरू गेलं होतं. ते बाळंतपणही आजीनंच केलेलं. बाईचा पान्हा अजून आटला नव्हता. “तिनं इचारलंबी नाही, कोनाचं हाये म्हून,” आजी म्हणाली. “हात पुढं केले.” सूप तेवढं आजीनं परत आणलं. वाड्यावर जाऊन काम झालं म्हणून सांगितलं, पाच रुपये आणि एक लुगडं घेतलं. खरं काय झालं ते फक्त त्या पोरीच्या कानात सांगितलं.

चार-पाच वर्षांनी त्याच वाड्यात वाजतगाजत दत्तविधान झालं. वाड्याला वारस नव्हता, म्हणून भंडाऱ्याकडच्या भाऊबंदांचा पोर आणला. होम झाला, गावजेवण झालं. आजीही जेवून आली. त्यावर तिचं म्हणणं एवढंच, “बुंदी चांगली होती.”

दत्तक म्हटलं की आपल्याला लेकरू आठवतं, पण जुन्या घरांत त्या शब्दाला वाडा, शेती आणि पिंडदान चिकटलेलं असे. ज्याला घर नाही त्याला घर द्यावं, हा त्यातला हेतूच नव्हता. तो अर्थ त्या शब्दात घातला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी. 1863 मध्ये पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेनं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाहीतर तिथंच ठेवावं. 1874 मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा या जोडप्यानं स्वतःच घेतला, तो यशवंत. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तक पोरानं टिटवं धरायला भाऊबंदांनी आडकाठी केली. सावित्रीबाईंनी ते स्वतः धरलं आणि पुढे चालल्या. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्ण आणत ते त्याच्याच दवाखान्यात.

पंढरपुरातही 1875 मध्ये असंच गृह निघालं. पण पुणं, पंढरपूर आमच्या नदीकाठापासून किती लांब! आमच्या बाजूचा आवाज म्हणजे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 1881 मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांच्या नावानं शंख केला. त्यावर 1882 मध्ये ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. त्यांचा सवाल साधा होता: त्या पोटातल्या पोराचा बाप कुठे आहे? खटल्यात त्याचं नाव नव्हतं. आजीच्या गोष्टीतही नाही.

इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेनं बाईभोवती कुंपणच घातलं होतं. कलम 312: बाईचा जीव वाचवण्याचं कारण सोडून गर्भ पाडला तर तीन वर्षं, गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर पाडला तर सात, आणि बाई स्वतःही गुन्हेगार. 317: मूल टाकलं तर शिक्षा. 318: मेलेलं मूल लपवून पुरलं तरी शिक्षा. ठेवलं तर मात्र कायद्याची काही हरकत नव्हती. ते काम गाव करत असे.

मुळीबद्दल मी आजीला खोदून खोदून विचारलं. तिनं नाव मरेपर्यंत सांगितलं नाही. “तुमी लिहिता. लिहिलं का कोनी तरी खाते.” साठच्या दशकात तिनं ते कामच सोडलं, त्याला कारण शेजारच्या गावची एक सोळा वर्षांची पोर. दुसऱ्या कोणी काडी घातलेली. आजीकडे बैलबंडीत घालून आणली तेव्हा अंग चुलीसारखं तापलेलं, वास असा की बंडी हाकणाऱ्यानं नाकाला धोतराचा सोगा लावलेला. जबडा मिटलेला. आजी तिच्या दातांमधून चमच्यानं पेज घालत बसली, पेज गालावरून परत यायची. सहाव्या दिवशी पोर गेली. गावात सांगितलं, हिवतापानं गेली. आमच्या जंगलात हिवताप कशाकशाला पांघरूण घालायचा, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

अशा मरणांची दखल सरकारनं घेतली ती 1964 मध्ये, शांतिलाल शहा समिती नेमून. शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. समितीनं 1966 मध्ये अहवाल दिला, 1971 मध्ये गर्भपाताचा कायदा झाला, 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. वीस आठवड्यांपर्यंत, ठरावीक कारणांसाठी, नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून. 2021 च्या दुरुस्तीनं काही गटांतल्या बायकांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली आणि ‘नवरा’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईलाही तोच हक्क आहे असं सांगितलं. तरी हा कायदा मुळात डॉक्टरला संरक्षण देणारा आहे. बाईला मागता येतं, ठरवतो डॉक्टर.

कागद आणि काउंटर यांत अंतर किती, ते मी पाहिलेलं आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईची सून, तीन लेकरांची आई, चौथं नको म्हणून एका सरकारी दवाखान्यात गेली. सोबत मी. खिडकीतून सांगण्यात आलं, नवऱ्याची सही आणा. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते हे कायद्यात स्पष्ट आहे, आणि ते मी तिथं सांगितलंही. “मॅडम, कायदा आम्हाला पण माहीत आहे,” असं उत्तर मिळालं. नवरा आंध्रात कामाला. तीन खेपा, सोळा दिवस. तिचे आठवडे काही थांबले नाहीत.

बायका दवाखान्यात जातच नाहीत असं म्हणणाऱ्यांनी राणी बंग आणि अभय बंग यांचा अभ्यास वाचावा. गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायका त्यांनी तपासल्या. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम आठ टक्के. विचारणारं कोणी भेटलं तेव्हा बायका बोलल्या.

भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की गावं तुटतात. 2024 च्या जुलैत त्याच तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करावा लागला. ती बाळंतपणाला निघालेली होती, म्हणून साऱ्या गावानं हात लावला. जिला गर्भ नको आहे तिला कोण बकेटमध्ये बसवणार? पाळी चुकली हे जूनमध्ये कळलं आणि रस्ता सप्टेंबरात उघडला, तर कायद्याचे आठवडे नदीनंच खाल्लेले असतात. बाळंतपणासाठी आधीच येऊन राहायला आदिवासी भागात सरकारनं माहेरघरं काढली, चांगलं केलं. या दुसऱ्या बाईसाठी तसं काही नाही. आणि ती अठरा वर्षांच्या आतली असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यामुळे पोलिसांत कळवणं आलंच. पोलिसांना नाव सांगण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, असं त्याच 2022 च्या निकालात म्हटलं आहे. टोल्यावर अजून ते पोचलेलं नाही.

अशा वेळी कोणीतरी सुज्ञपणे म्हणतं: जन्म देऊ दे, दत्तक देऊन टाकू. अमेरिकेत डिसेंबर 2021 मध्ये गर्भपाताच्या खटल्याची सुनावणी चालली असताना न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी हाच मुद्दा काढला होता, की मूल सुपूर्द करून जबाबदारीतून मोकळं होण्याचा कायदा आहेच की. पुढच्या जूनमध्ये तिथला गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. आपल्याकडे 16 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं दोन मुलांच्या आईला, बाळंतपणानंतरच्या नैराश्याशी झगडणाऱ्या बाईला, सव्वीस आठवडे उलटले म्हणून परवानगी नाकारली. बाळंतपणाचा खर्च सरकार करेल, मूल दत्तक द्यायचं की नाही ते आईबापांनी ठरवावं, असं सांगितलं. आठवडे फार झाले होते हे मलाही समजतं. सातव्यात आजीनंही हात लावला नव्हता. पण दत्तक हा मूल वाढवण्याला पर्याय आहे, पोटात वाढवण्याला नाही. कोठीतले ते दिवस, तोंडातला तो बोळा, त्यानंतर भरून आलेली छाती, यातलं काहीही दत्तकाच्या कागदावर उतरत नाही.

दत्तकाची वाट असावीच. ती सरळही असावी. आजच्या कायद्यानं आईला बालकल्याण समितीपुढे मूल सोपवता येतं आणि मन बदललं तर दोन महिन्यांच्या आत परत मागता येतं. हे चांगलं कलम आहे, आणि गावोगावच्या आशाताईंना ते पाठ असायला हवं. मूल घेऊ पाहणारी जोडपी रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत. पण रांग लांब आहे म्हणून कोणाच्या पोटावर हक्क सांगता येत नाही. फुल्यांचं घर थोर होतं ते येणाऱ्या बाईला तिथं कोणी जाब विचारत नव्हतं म्हणून.

गोंडांच्या टोल्यात सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या यवतमाळच्या झरी जामणी तालुक्यात कोलाम समाजातल्या कुमारी मातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या. कामाला म्हणून आलेले पुरुष निघून गेले; मुली लेकरं घेऊन मागे राहिल्या. त्यांना कोणी गर्भपाताबद्दल विचारलं नाही आणि दत्तकाबद्दलही नाही. 1956 चा हिंदू दत्तक कायदा तर अनुसूचित जमातींना लागूच नाही. तिथं जमातीची रीत चालते. त्या रीतीत लेकराला जागा झाली असेल. आईचं वय सोळा होतं, ते सोळाच राहिलं.

वाड्यातली ती सून म्हातारी होऊन सत्तरच्या दशकात वारली. आजी शेवटपर्यंत तिच्याकडे जात असे. दरवर्षी कापणी आटोपली की ती आजीला एकच विचारायची, “नदीपल्याड औंदा धान कसं झालं?” आजी सांगायची, “बेस झालं.” दुष्काळ पडला त्या सालीही आजीनं तेच सांगितलं.

नदीपल्याडचा तो माणूस आमच्या घरी चारोळी आणि मध घेऊन यायचा. त्याला काय माहीत होतं, काय नव्हतं, मी कधी विचारलं नाही. आजी 1994 मध्ये गेली. बऱ्याच वर्षांनी तो एक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आला. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनसाठी वयाचा पुरावा हवा होता, म्हणून त्यानं तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढली होती. त्यात महिना होता, कापणीचाच, टोल्याचं नाव होतं, गोंड आईबापांची नावं होती, आणि पुढे लिहिलं होतं: मुलगा. मी वाचून दाखवलं. त्यानं घडी करून कागद पिशवीत ठेवला. पेन्शन मंजूर झाली आणि मरेपर्यंत त्याला मिळत राहिली.