पिंगुळीचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला लोकनाट्यप्रकार. चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या त्याच्या दोन भावंडकला. तिन्हींना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता.

बाहुल्या पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून कोरतात. वजन कमी हवेच, कारण सूत्रधाराला त्या उभ्याने, बराच वेळ, बोटांवर तोलायच्या असतात. डोके, हात यांना दोऱ्या बांधलेल्या. बोट किंचित ओढले की मान वळते, हात उठतो. मागे गडद पडदा असल्याने दोऱ्या चटकन नजरेत भरत नाहीत. पडद्याआडचा सूत्रधारच संवाद म्हणतो, गातोही, साथीला तालवाद्ये. एकाच गळ्यातून राम आणि रावण वेगळे काढणे, हे या कलेतील सर्वांत अवघड काम. ते ऐकून ऐकूनच साधते.

कथानके मुख्यतः रामायण-महाभारतातली. मुलांसाठी व प्रबोधनासाठी पर्यावरण, स्वच्छता असे विषयही आले. खेळ त्यामुळे आटोपशीर झाला, तरी बाहुली नाचू लागली की पोरे पुढे सरकतात, ते रामकथेइतकेच.

ही परंपरा टिकवण्यासाठी परशुराम विश्राम गंगावणे यांनी आयुष्य वेचले. गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून त्यांनी ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.