शब्दवेध : ऐरण

कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाड्यांची बातमी आली की तिच्यात 'ऐरणीवर' हा शब्द हमखास असतो. उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न ऐरणीवर; जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा पुनर्वसनाचा.

लोहाराची ही ऐरण संस्कृत 'अधिकरणी'ची लेक. प्राकृतात ती 'अहिगरणी' झाली आणि झिजत झिजत मराठीत ऐरण; गुजरातीत एरण, हिंदीत अहरन. अधिकरण म्हणजे आधार, बैठक. न्यायनिवाड्याच्या जागेलाही तेच नाव, म्हणून न्यायाधिकरण हे ऐरणीचं सख्खं भावंड. हे नातं मला फार आवडतं.

ऐरण प्रयोगशाळेतही गेली. १९५९च्या सुमारास अमेरिकेत हिऱ्यांची ऐरण तयार झाली; ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही ती वापरतात. उपकरण मुठीत मावेल एवढं. समोरासमोर दोन हिरे, टोकं घासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंदीची सपाट केलेली. मध्ये बारीक भोकाची धातूची चकती, भोकात तपासायचा पदार्थ आणि माणकाचा एक कण. स्क्रू आवळत गेलं की वातावरणाच्या लाखो पट दाब तयार होतो. लेसर टाकल्यावर माणकाच्या तांबड्या उजेडाची तरंगलांबी किती सरकली, यावरून हा दाब मोजतात. इथे घण नाहीच. दोन्ही बाजूंना ऐरणच.

बातम्यांमध्ये मात्र 'ऐरणीवर'चा अर्थ 'चर्चेत' एवढाच उरला आहे. मूळ वाक्प्रचारात लोखंड तापलेलं असतं, घाव आत्ताच घालायचा असतो. वर्षानुवर्षं रखडलेल्या प्रश्नाला मी 'प्रलंबित' म्हणेन. वाडीच्या नळयोजनेचा निर्णय आजच्या बैठकीत व्हायचा असेल, तरच 'ऐरणीवर'.