जिओकॅशिंग म्हणजे काय? मोजणीच्या जुन्या दगडांशी त्याचा काय संबंध?

जिओकॅशिंग हा मोबाइल किंवा जीपीएस यंत्राच्या मदतीने बाहेर फिरून खेळायचा शोधाचा छंद आहे. एखादा खेळाडू छोटा डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो. इतर जण तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा पुन्हा जागच्या जागी ठेवतात.

सुरुवात कशी झाली?
अमेरिकेने २ मे २००० रोजी नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात पहिला डबा लपवला. पुढे अनेक खेळाडू डब्यांसोबत सरकारी सर्वेक्षणाच्या खुणाही शोधू लागले. कोणती खूण शाबूत आहे आणि कोणती नाहीशी झाली, हे ते तिथल्या सर्वेक्षण संस्थेला कळवत.

पुसदशी काय संबंध?
विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायाभूत रेषा मोजली. तिथून त्रिकोणांची मुख्य साखळी ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेली. डोंगरांनी वेढलेले पुसद सुमारे ७७.६ अंशांवर, म्हणजे याच पट्ट्यात येते. दूरवरून दिसावीत म्हणून मोजणीची ठिकाणे बहुधा उंच टेकड्यांवर निवडत. लॅम्बटन यांचे जानेवारी १८२३ मध्ये विदर्भातच, हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयापर्यंत नेले.

खुणा कशा ओळखायच्या?
समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या खुणेला ‘बेंचमार्क’ म्हणतात. जुने पूल, रेल्वे स्थानके आणि सरकारी इमारतींजवळ ‘जीटीएस’ व ‘बीएम’ ही इंग्रजी अक्षरे कोरलेला दगड दिसू शकतो. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण ५ मीटर इकडेतिकडे दाखवतो. त्यामुळे शेवटचा शोध डोळ्यांनीच घ्यावा लागतो.

त्या का जपायच्या?
धरण, कालवा किंवा रस्ता बांधताना उंची अशा ठरलेल्या खुणेपासून मोजतात. शेताच्या हद्दीची मोजणीही पक्क्या दगडांवर अवलंबून असते. रस्ता रुंदीकरणात किंवा नांगरटीत दगड उखडला, तर जुन्या मोजणीशी पडताळणी अवघड होते आणि बांधाचे वाद वाढतात. उखडलेला दगड अंदाजाने परत रोवून उपयोग नसतो, कारण त्याची किंमत नेमक्या जागेत असते. हद्दीच्या खुणांना इजा करणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार दंडनीय आहे.

शोधताना काय पाळावे?
• खणू नका, रंग लावू नका, दगड हलवू नका.
• खासगी शेतात मालकाची आणि जंगलात वन विभागाची परवानगी घ्या.
• फोटो काढा, अक्षांश-रेखांश आणि तारीख टिपून ठेवा.
• हद्दीचा दगड तुटलेला दिसल्यास तलाठी किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाला कळवा.