नाडी बघायच्या जागेतून हृदयापर्यंत

घरात कुणाची अँजिओप्लास्टी ठरली की आपण आधी विचारतो, "छाती फाडणार का?" तर नाही. बारीक नळी रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेतात, अरुंद झालेली जागा फुग्याने रुंद करतात आणि बहुतेक वेळा तिथे जाळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. ही नळी आत शिरते कुठून, त्याची गोष्ट आज सांगतो.

1929 साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान हा तरुण डॉक्टर होता. हृदयापर्यंत नळी नेता येते असं तो म्हणायचा. वरिष्ठांनी मनाई केली. हत्यारं होती गेर्डा डिट्झेन या नर्सबाईंच्या ताब्यात. त्या म्हणाल्या, माझ्यावर करून बघा. त्याने त्यांना टेबलावर बांधलं आणि नळी घातली स्वतःच्याच हाताच्या शिरेत! मग जिना उतरून एक्स-रे काढला. नळी हृदयात पोचली होती. 1956 साली त्याला नोबेल मिळालं. बाईंचं नाव किती जणींनी ऐकलंय?

पुढे 16 सप्टेंबर 1977 ला झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी फुग्याने हृदयाची धमनी उघडली, ती जांघेतून. तिथली धमनी मोठी, पण खोल. रक्त पातळ करायची औषधं चालू असतात. आतल्या आत रक्त साठलं तर लवकर कळत नाही. म्हणून पाय न हलवता तासन्‌तास पडून राहावं लागतं.

मग डॉक्टरांचं लक्ष मनगटाकडे गेलं. 1989 साली माँट्रियलच्या ल्युसियाँ काम्पो यांनी मनगटातून हृदयाची तपासणी केल्याचं मांडलं. 1992 साली ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनेई यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. वैद्य नाडी बघतात ना, तीच ही धमनी. ती कातडीलगत, हाडावर असते. दाबली की रक्त थांबतं. शिवाय पंजाला रक्त देणारी दुसरी धमनी असतेच.

2011 साली 32 देशांतल्या 7021 पेशंटांचा अभ्यास आला. मृत्यू, झटका, पक्षाघात यांत दोन्ही वाटा जवळपास सारख्या; पण रक्तवाहिनीच्या मोठ्या इजा जांघेत शंभरात सुमारे 4, मनगटात दीडच्या आत.

बायकांचं काय? आपल्या धमन्या बारीक आणि रक्तस्रावाचा धोका पुरुषांहून जास्त. 2014 साली अमेरिकेत 1787 बायकांवरच अभ्यास झाला. रक्तस्राव किंवा धमनीची इजा जांघेतून हजारात 17 जणींना, मनगटातून 6 जणींना झाली. मात्र मनगटातून सुरू केलेल्या शंभरातल्या सहा-सात जणींची वाट मध्येच बदलावी लागली, कारण बारीक धमनी आकसते.

म्हणून हट्ट धरू नका, पण विचारा जरूर: "डॉक्टर, मनगटातून होईल का?" डायलिसिस चालू असेल तर आधीच सांगा. हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि छातीत दाटलं, दम लागला, जबडा किंवा पाठ दुखली, घाम फुटला, तर पित्त म्हणून स्वयंपाक उरकत बसू नका. 108 ला फोन करा. वाट मनगटाची असो की जांघेची, वेळेवर पोचलात तरच ती उपयोगी.