लेबल गेलं, वाटा गेल्या: रेडिट बंद असलेल्या ३१४ मिनिटांचा घटनाक्रम

काही वर्षं आधी

रेडिटचा संसार २००९ पासून क्लाउडवर आहे आणि कंटेनर चालवणारं कुबरनेटीस त्यांनी तसं लवकरच हाताशी धरलं. त्याचा परिणाम असा की त्यांचे क्लस्टर एका साच्यातले नाहीत. जशी गरज पडली तसा एकेक उभा राहिला, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यातल्या सर्वांत मोठ्या, जुन्या क्लस्टरवर कधीतरी कोणीतरी नेटवर्कमध्ये एक बदल केला.

बदल चुकीचा नव्हता. क्लस्टरमधल्या मशीनना, म्हणजे नोडना, एकमेकांकडे जायच्या वाटा कॅलिको नावाचं सॉफ्टवेअर सांगतं. त्याची मुळातली पद्धत साधी आहे: प्रत्येक नोडने बाकीच्या प्रत्येक नोडशी थेट जोडून घ्यायचं. दहा नोड असले तर ४५ जोडण्या होतात, काही बिघडत नाही. शंभर झाले की ४,९५०. हजार झाले की ४,९९,५००, आणि मग मशीनची ताकद एकमेकांना पत्ते सांगण्यातच खर्ची पडते. त्यावरचा तोडगा म्हणजे रूट रिफ्लेक्टर. मोजके नोड मध्यस्थ नेमायचे आणि बाकीच्यांनी फक्त त्यांच्याशी बोलायचं.

मध्यस्थ कोण? कामाचे नोड गर्दीप्रमाणे येतात-जातात. कायम जागेवर असतात ते क्लस्टरचा कारभार हाकणारे कंट्रोल प्लेनचे नोड, तेव्हा त्यांनाच नेमलं. त्यांना ओळखायचं कसं, तर त्यांच्यावर आधीपासूनच असलेल्या लेबलवरून: ‘नोड-रोल.कुबरनेटीस.आयओ/मास्टर’. सगळा नियम दोन ओळींत मावत होता. ज्याच्यावर हे लेबल नाही, त्याने ज्याच्यावर हे लेबल आहे त्याच्याशी जोडून घ्यावं.

ही नोंद कुठे ठेवली? कुठेच नाही. या सेटिंगचा काही भाग कॅलिकोच्या स्वतःच्या कमांडने खाली उतरवायचा, हाताने बदलायचा आणि परत वर चढवायचा असा मामला होता. तो गिटमध्ये आणायचा तर वेगळं टूल लिहावं लागलं असतं, ते राहून गेलं. राहून गेलेल्या कामांची यादी कुठल्या टीमकडे नसते? ज्यांना हे ठाऊक होतं ते यथावकाश दुसऱ्या कामांवर, दुसऱ्या कंपन्यांत गेले. वाटा मात्र बिनबोभाट चालू राहिल्या.

डिसेंबर २०२०: सव्वादोन वर्षं आधी

कुबरनेटीसची १.२० आवृत्ती आली. ‘मास्टर’ हा शब्द टप्प्याटप्प्याने काढून त्या जागी ‘कंट्रोल-प्लेन’ आणायचं ठरलं. सध्यापुरती दोन्ही लेबलं राहतील, जुनं पुढे निघेल, असं रीतसर जाहीर झालं. पण त्या महिन्यात सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. त्याच आवृत्तीत, कुबरनेटीसला डॉकरशी जोडणाऱ्या डॉकरशिमला निरोप द्यायची घोषणा झाली होती आणि ‘आता डॉकर बंद होणार’ म्हणून जगभर हलकल्लोळ उडाला होता. त्या गलबल्यात एका लेबलचं नाव बदलतंय याकडे कोण बघणार.

३ मे २०२२: दहा महिने आधी

१.२४ आली. डॉकरशिम गेलं, आणि सोबत जुनं लेबलही गेलं. नव्या क्लस्टरवर ते लागणार नव्हतंच. चालू क्लस्टर या आवृत्तीवर आणला की त्याच्यावरूनही ते उतरवलं जाणार होतं. महापालिकेने रस्त्याचं नाव बदलावं, दोन वर्षं दोन्ही पाट्या राहू द्याव्यात आणि एका सकाळी जुनी पाटी काढून न्यावी, तसा हा प्रकार. तोवर जुन्या पत्त्यावरची पत्रं पोहोचत असतात, म्हणून तर आपला पत्ता जुना आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

२८ फेब्रुवारी २०२३: चौदा दिवस आधी

१.२३ चा अधिकृत पाठिंबा संपला. म्हणजे १.२४ वर जाणं ही हौस नव्हती. उशीरच होत होता. रेडिटची टीम निष्काळजी होती असंही नाही. अपग्रेड आधी चाचणीच्या क्लस्टरवर, मग कमी महत्त्वाच्या क्लस्टरवर आणि शेवटी सर्वांत नाजूक क्लस्टरवर, अशी त्यांची शिस्त होती. चाचण्या पास झाल्या. व्हायच्याच होत्या, कारण रूट रिफ्लेक्टर फक्त सर्वांत मोठ्या आणि जुन्या क्लस्टरवर होते. ज्या ठिकाणी दुखणं नाही तिथे तपासणी करून काय सापडणार?

इथे जरा थांबायला हवं. ती दोन ओळींची नोंद त्या दिवशी कुठल्याही तपासणीतून काढली असती तरी सहीसलामत सुटली असती. इंडेंटेशन बरोबर, फील्डची नावं बरोबर, स्कीमा बरोबर. सर्व्हरवर ड्राय-रन करून पाहिला असता तर त्यानेही मान डोलावली असती. लेबलवर नेम धरणाऱ्या नियमाला एकही नोड सापडला नाही, तरी कुबरनेटीसच्या जगात ती चूक मानली जात नाही; ते शून्य लांबीचं, पण वैध उत्तर असतं. आपण ज्याला व्हॅलिडेशन म्हणतो ते बहुतेक वेळा फाइलचा आकार तपासतं. ती फाइल ज्याच्याकडे बोट दाखवते ते जागेवर आहे का, हे विचारत नाही. आणि इथे तर तपासायला फाइलच नव्हती.

१४ मार्च २०२३, १९:०० यूटीसी: पाच मिनिटं आधी

सॅन फ्रान्सिस्कोत भर दुपारचे बारा. आपल्याकडे तारीख उलटून मध्यरात्रीचा साडेबाराचा सुमार. आता त्या सर्वांत मोठ्या, जुन्या क्लस्टरची पाळी आली होती. बॅकअप घेऊन झाला. एका इंजिनिअरने १९:०० नंतर लगेच अपग्रेड सुरू केला. दोनेक मिनिटं सगळं ठीक होतं.

१९:०४:४४

प्रत्येक बदल नियमात बसतो का हे पाहणाऱ्या ओपन पॉलिसी एजंटचे लॉग अचानक थांबले. कोणी पाहिलं नाही. हे सेकंद नंतर लॉग उपसून कळलेले आहेत.

१९:०४:४७

अपग्रेडसाठी खाली गेलेल्या पहिल्या कंट्रोल नोडकडच्या वाटा कॅलिकोने पुसायला घेतल्या. हे अपेक्षितच होतं. पण पाठोपाठ सगळ्या नोडच्या वाटा पुसल्या जाऊ लागल्या. लेबल निघालं होतं. ‘ज्याच्यावर लेबल नाही’ या वर्णनात आता सगळे बसत होते आणि ‘ज्याच्यावर आहे’ या वर्णनात कुणीच नाही.

१९:०४:४९

एपीआय सर्व्हरचे लॉग त्या क्षणी पाचपट झाले. रेडिट बंद.

पहिला तास

तीन मिनिटांत माणसं कॉलवर होती. पण क्लस्टरची सगळी मेट्रिक्स गायब, त्यामुळे बघायचं कशाकडे? एकच गोष्ट डोळ्यांत भरत होती: डीएनएस. बाहेरच्या जगाची नावं उलगडत होती, क्लस्टरच्या आतली नाहीत. हा धागा बराच वेळ ओढला, त्यातून काही निघालं नाही.

मागे फिरावं तर कुबरनेटीसला उलटा रस्ता नाही. अपग्रेड होताना आतला डेटा आपोआप नव्या रूपात जातो आणि तो परत आणायची अधिकृत पद्धत नाही. उरतो बॅकअपमधून रिस्टोअर. त्याची कृती काही वर्षांपूर्वी लिहिलेली, चाचणीच्या क्लस्टरवर अनेकदा करून पाहिलेली, पण प्रॉडक्शनवर एकदाही नाही. ती काही तास खाईल असा अंदाज होता. म्हणून ठरलं, आधी दोष शोधू. मला हा निर्णय आजही चुकीचा वाटत नाही. त्या क्षणी हातात असलेल्या माहितीवर दुसरं कोणी काय केलं असतं?

अर्धा तास गेला. आणखी अर्धा तास गेला. तेव्हा काही जण वेगळ्या कॉलवर गेले आणि रिस्टोअरची तयारी करू लागले.

दुसरा तास

पॉड, म्हणजे कंटेनरचे गट, सुरू व्हायला आणि बंद व्हायला फार वेळ लागत होता. शंभर एमबीपेक्षा लहान इमेज उतरवायला मिनिटंच्या मिनिटं जात होती. कॅलिको आजारी आहे हे दिसलं. त्याचा टायफा नावाचा भाग रीस्टार्ट करावा म्हणून पॉड पुसले, तर नवे जन्मालाच येईनात. संपूर्ण कंट्रोल प्लेन बंद करून पुन्हा चालू केला; घराघरातला तो शेवटचा उपायही हरला.

मग कुणाच्या तरी नजरेला पडलं की लिहिण्याच्या विनंत्या अडकताहेत त्या पॉलिसी एजंटपाशी. प्रत्येक बदल त्याला विचारूनच व्हायचा आणि तो तर उत्तरच देत नव्हता. त्याचं वेबहुक काढून टाकलं. टाइमआउट तत्काळ थांबले. क्लस्टर मात्र उठला नाही. चुकीची फाइल आत येऊ नये म्हणून बसवलेली ही तपासणी त्या दिवशी दुरुस्तीचीच वाट अडवून बसली होती. छोट्या क्लस्टरवर हौसेने असं वेबहुक बसवणाऱ्यांनी, ते झोपलं तर काय होईल हे सेटिंग जरूर उघडून पाहावं.

२१:०५ नंतर

दोन तास उलटून गेले, कल्पना संपल्या. रिस्टोअर करायचं ठरलं. कामाचे नोड तसेही बाद होणार होते, म्हणून आधीच संपवून टाकले. त्यातच सुमारे वीस मिनिटं गेली.

कृतीचा कागद उघडला तर तो मुदत संपलेल्या आवृत्तीसाठी आणि डॉकरच्या काळात लिहिलेला. रेडिट दरम्यान डॉकर सोडून सीआरआय-ओवर गेलं होतं. कमांड बदललेल्या, पर्याय कालबाह्य. साइट बंद असताना, डझनावारी माणसं बघत असताना, ती कृती ओळीओळीने नव्याने लिहावी लागली.

कागद म्हणत होता: पहिला कंट्रोल नोड ठेवा, बाकीचे दोन संपवा, पहिल्यावर रिस्टोअर करा, मग नवे दोन जोडा. पहिला उठला. नवे नोड धडाधड येऊ लागले, म्हणजे नेटवर्क जिवंत झालं होतं. एकट्या कंट्रोल नोडला हा भार पेलणार नाही म्हणून ऑटोस्केलर मुद्दाम थांबवला. आता दुसरे दोन आणायचे, तर हव्या त्या प्रकारची मशीन क्लाउड पुरवणाऱ्या ॲमेझॉनकडे त्या वेळी शिल्लक नव्हती. ती मिळाली, तर जोडली जाईनात. एररही नाही, नुसती अडकून बसलेली.

कारण मिनिटांत सापडलं. बॅकअप कुठल्याही कंट्रोल नोडवर घ्यायची मुभा होती. रिस्टोअर मात्र त्याच नोडवर व्हायला हवा होता. तो दुसऱ्यावर झाला होता. सर्टिफिकेटवर एका मशीनचं नाव, दाखवणारं मशीन भलतंच. नवी सर्टिफिकेट कशी काढायची याचं टिपण नव्हतं, चाचपडत काढली.

शेवटचा टप्पा

वाचक एकदम आत सोडले तर रिकाम्या कॅशेमुळे मागच्या सगळ्या सेवा पुन्हा कोसळल्या असत्या. म्हणून सुरुवात एक टक्क्याने. मग ५, १०, २०, ३५, ५५ आणि शेवटी पूर्ण. एकूण ३१४ मिनिटं. तारीख अमेरिकन पद्धतीने ३/१४, म्हणजे पाय (π) दिवस. असले योगायोग कुणी रचून सांगितले असते तर विश्वास बसला नसता. आपल्याकडे तोवर पहाट झाली होती.

पुढचे दिवस

साइट चालू होती, पण कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. मेट्रिक्स क्लस्टरबरोबरच गेली होती. लॉग गोळा करणारं यंत्र मात्र जुन्या धाटणीचं, कुबरनेटीसवर फारसं न विसंबणारं, म्हणून वाचलं होतं. त्यातूनच वरचे सेकंद मिळाले. शेवटचा दुवा लॉगमध्ये नव्हता. आपण इथे रूट रिफ्लेक्टर वापरतो हे एका इंजिनिअरला आठवलं.

तीन-पाच नोडचा क्लस्टर सांभाळणाऱ्याला रूट रिफ्लेक्टर लागत नाहीत. लेबलवर नेम धरणारे नियम मात्र त्याच्याकडेही असतात: नेटवर्क पॉलिसी, नोड सिलेक्टर, बॅकअपचं वेळापत्रक. अपग्रेडच्या आधी चालू क्लस्टरमधलं सगळं, तिऱ्हाईत सॉफ्टवेअरने आणलेले प्रकारही धरून, फाइलींत उतरवून घ्यावं. नव्या आवृत्तीत काय निघतंय त्या प्रत्येक नावाचा त्या ढिगात शोध घ्यावा, आणि एकेका सिलेक्टरला आज किती नोड वा पॉड सापडतात ते मोजावं. अपग्रेडनंतर पुन्हा मोजावं. हे काम एका छोट्या स्क्रिप्टचं आहे. जिथे आकडा शून्यावर येईल तिथे स्क्रिप्टने थांबलं पाहिजे, कारण कुबरनेटीस थांबणार नाही.

ही नावांची यादी १.२४ पाशी संपतही नाही. कंट्रोल नोडवर भलतं काम येऊ नये म्हणून लावला जाणारा ‘मास्टर’ टेंट पुढच्या १.२५ मध्ये निघाला, आणि ती आवृत्ती २३ ऑगस्ट २०२२ लाच बाहेर आली होती.