रॉकेलच्या डब्यापासून प्रोपेनच्या टाकीपर्यंत : इंधन साठवण्याची परवानगी कोण देते?

#थ्रेड #इतिहास

१/
यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीच्या काठी बोरी अरब हे गाव लागते. भोवती सगळा कापसाचा मुलूख. अशा गावात एखाद्या इंधन व्यावसायिकाने प्रोपेनची मोठी टाकी बसवायचे ठरवले, तर जमीन आणि भांडवल जमवूनही त्याचे काम सुरू होत नाही. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते : परवानगी कोणाची?

२/
ग्रामपंचायतीची? जिल्हाधिकाऱ्यांची? की नागपूरच्या एका केंद्रीय कार्यालयाची? हे उत्तर घडायला सुमारे दीडशे वर्षे लागली. त्यात लंडनचा एक रसायनशास्त्रज्ञ आहे, मुंबईची गोदी आहे, फ्रान्समधील गोठलेली एक झडप आहे आणि मेक्सिकोतील एक वस्ती आहे. तो इतिहास क्रमाने पाहू.

३/
आरंभ भाषेपासून. मराठीतला ‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’चा अपभ्रंश. ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’चा. वस्तू परदेशातून आली आणि नावही सोबत घेऊन आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोड्या तेलाच्या व एरंडेलाच्या दिव्यांची जागा चिमणी आणि कंदील घेऊ लागले.

४/
हे तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांत येई. एका लाकडी खोक्यात दोन डबे, प्रत्येकात सुमारे १८ ते १९ लिटर तेल. रिकामा डबा पुढे पाणी भरायला, धान्य ठेवायला, छपराला पत्रा म्हणून वापरला जाई. घरोघरी सामावलेल्या या डब्यात आग साठलेली आहे, याची जाणीव कायद्याला मात्र लवकरच झाली.

५/
अडचण अशी की सगळे रॉकेल सारखे नव्हते. शुद्धीकरण नीट झाले नसेल तर त्यात हलके, चटकन पेटणारे अंश राहत. डोळ्यांना फरक दिसत नसे. मग धोका मोजायचा कसा? इंग्लंडमध्ये सर फ्रेडरिक आबेल यांनी त्यासाठी उपकरण तयार केले.

६/
बंद भांड्यात तेल हळूहळू तापवायचे आणि ठरावीक अंतराने लहानशी ज्योत त्याच्या वाफेजवळ न्यायची. ज्या तापमानाला वाफ क्षणभर भडकते, तो त्या तेलाचा ‘ज्वलनबिंदू’. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने या उपकरणावर ७३ अंश फॅरनहाइट ही मर्यादा ठरवली. हिंदुस्थानात पेट्रोलियमविषयक कायदे १८८१, १८८६ आणि १८९९ मध्ये झाले.

७/
७३ अंश फॅरनहाइट म्हणजे जवळपास २३ अंश सेल्सिअस. आजच्या भारतीय कायद्यातही ज्याचा ज्वलनबिंदू २३ अंशांपेक्षा कमी, ते ‘अ’ वर्गाचे पेट्रोलियम. पेट्रोल त्यातच मोडते. रॉकेल आणि डिझेल ‘ब’ वर्गात, म्हणजे २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान. दीडशे वर्षांपूर्वीची ती रेघ आजही जवळपास तिथेच आहे.

८/
पण लंडनची रेघ वऱ्हाडात कितपत उपयोगी? भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश असावा लागतो. यवतमाळचा मे महिन्यातला पारा सहज चाळिशी ओलांडतो. थंड देशात जे तेल बिनधोक, त्याची वाफ येथील उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पेट घेण्याजोगी होऊ शकते. साठा किती, हवा कशी खेळते आणि शेजारी काय आहे, हे प्रश्न म्हणूनच येथे अधिक महत्त्वाचे ठरले.

९/
१८९२ मध्ये मार्कस सॅम्युअल यांच्या ‘म्युरेक्स’ या जहाजाने डब्यांऐवजी थेट टाक्यांत रॉकेल भरून सुएझ कालवा पार केला. प्रतिस्पर्ध्यांनी सुरक्षिततेचा मुद्दा काढून विरोध केला होता. कालव्याच्या कंपनीने अटी घातल्या आणि त्या पाळणाऱ्या जहाजाला वाट दिली. तेल डब्यांतून टाक्यांत गेले आणि बंदरांनाही मोठ्या टाक्यांसाठी जागा शोधाव्या लागल्या. मुंबईत शिवडी-वडाळ्याचा पट्टा पुढे तेलसाठ्यांसाठी ओळखला जाऊ लागला.

१०/
या काळात शहराच्या हातीही अधिकार आला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३९४ नुसार काही धोकादायक वस्तू साठवायला व काही व्यवसाय करायला आयुक्तांचा परवाना आवश्यक झाला. शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे काय साठते आहे, हे विचारण्याचा हक्क नगराला मिळाला.

११/
दुसरीकडे केंद्रीय यंत्रणा उभी राहत होती. १८८४ मध्ये स्फोटकांचा कायदा झाला, १८९८ मध्ये स्फोटक विभाग सुरू झाला. आज ‘पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना’, अर्थात ‘पेसो’, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. देशभरातील इंधनसाठ्यांच्या परवान्यांची सूत्रे विदर्भातूनच हलतात, हे विदर्भातील अनेकांनाही ठाऊक नसते.

१२/
१९३४ चा पेट्रोलियम कायदा आजही लागू आहे. विक्रीसाठी नसलेले ‘अ’ वर्गाचे पेट्रोलियम ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते. ‘ब’ वर्गाचे एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत, तेही एकेका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर. त्यापुढे परवाना हवा. कायद्याने घरगुती गरज आणि साठा यांच्यामध्ये आकड्यांची भिंत घातली.

१३/
नियम मोडल्यावर काय होते हे सर्वांना माहीत असते; नियम शिथिल केल्यावर काय होते, ते १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईने पाहिले. स्फोटके घेऊन येणाऱ्या जहाजाने थेट गोदीत न शिरता माल बाहेरच उतरवावा, अशी पूर्वीची पद्धत होती. युद्धाच्या निकडीत ती बाजूला ठेवली गेली. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले.

१४/
जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कापसाच्या हजारो गाठीही. आग लागली आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळतात. कापसाची गाठ आतल्या आत किती वेळ धुमसत राहते, हे जिन-प्रेसच्या मुलखाला वेगळे सांगायला नको.

१५/
आता गॅस. १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली; नाव होते ‘बर्शेन’. १९६५ मध्ये इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ आला. रॉकेलसाठी घडवलेला कायदा मात्र येथे अपुरा पडत होता, कारण हा पदार्थच निराळ्या जातीचा.

१६/
प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळते. म्हणजे यवतमाळच्या हवेत ते द्रवरूपात ठेवायचे तर दाबाखालीच ठेवावे लागते. एक लिटर द्रव बाहेर पडला तर सुमारे २७० लिटर वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. वर विरून न जाता तो जमिनीलगत सरपटतो. नालीत, विहिरीत, सखल जागी साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळतात.

१७/
म्हणून प्रश्न बदलला. ‘कोणत्या तापमानाला पेटते?’ याऐवजी ‘भांडे किती दाब सोसते?’ हे विचारावे लागले. १९३८ मध्ये धातूच्या भांड्यात दाबून भरलेला वायू स्फोटकांच्या कायद्याखाली आणला गेला आणि १९४० मध्ये गॅस सिलिंडर नियम आले. आजच्या नियमांत १०० किलोपर्यंतच्या एलपीजीला साठवणुकीचा परवाना लागत नाही. १४.२ किलोचे सात सिलिंडर मिळून ९९.४ किलो होतात. आठवा ठेवला की मर्यादा ओलांडली.

१८/
४ जानेवारी १९६६. फ्रान्समधील फेझँ येथील शुद्धीकरण कारखाना. प्रोपेनच्या गोलाकार टाकीच्या तळातून नमुना घेताना झडप गोठली आणि बंद होईना. गॅसचा ढग जमिनीवरून पसरत रस्त्यापर्यंत गेला. तेथे एका मोटारीमुळे तो पेटला. आग उलट टाकीपर्यंत आली आणि टाकी फुटली. १८ जण मरण पावले.

१९/
टाकी फुटते कशी? खालून आग लागली की आतला द्रव उकळत राहतो आणि जिथे द्रव आहे तिथला पत्रा तुलनेने थंड ठेवतो. वरच्या, फक्त वायू असलेल्या भागाला हा आधार नसतो. तिथला पोलाद तापून मऊ होतो, दाब वाढत असतो, आणि एका क्षणी टाकी उकलते. टाकीवर पाण्याचे फवारे बंधनकारक का, याचे उत्तर हे.

२०/
१९ नोव्हेंबर १९८४. मेक्सिको सिटीजवळील सॅन हुआनिको. पहाटे एका नळीतून गॅस गळला आणि साठवणकेंद्रात स्फोटांची मालिका सुरू झाली. भूकंपमापकांवर त्यांची नोंद झाली. सुमारे ५०० माणसे गेली. त्यांतील बहुतेक केंद्राचे कामगार नव्हते, शेजारी राहणारे होते. केंद्र उभे राहिल्यानंतरच्या वर्षांत घरे सरकत सरकत त्याच्या जवळ आली होती.

२१/
त्यानंतर दोनच आठवड्यांनी भोपाळ. वायू वेगळा, कारण वेगळे. पण कुंपणाला टेकलेली वस्ती तीच. पुढे भारतात १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने कायद्यातील दुरुस्ती आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले. मोठे साठे करणाऱ्यावर आसपासच्या लोकांना धोक्याची आणि बचावाची माहिती देण्याची जबाबदारी आली. शेजाऱ्याचा ‘जाणून घेण्याचा हक्क’ कायद्यात आला, तो इतक्या उशिरा.

२२/
दाबाच्या मोठ्या टाक्यांसाठी १९८१ मध्ये स्वतंत्र नियम झाले. २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. १,००० लिटरपेक्षा मोठी टाकी त्यांत येते. टाकी जितकी मोठी, तितके शेजारची इमारत आणि हद्द यांपासूनचे अंतर जास्त. फेझँच्या झडपेपासून रस्त्यापर्यंत गॅसने कापलेली वाट अशा अंतरांच्या तक्त्यांमागे उभी असते.

२३/
आता पुन्हा बोरी अरब. असा अर्ज तिथून निघाला तर त्याच्या वाटा दोन. जागेचा नकाशा व टाकीचा आराखडा ‘पेसो’कडे, आणि ‘ना हरकत प्रमाणपत्रा’साठी अर्ज यवतमाळला जिल्हाधिकाऱ्यांकडे. केंद्रीय कार्यालय यंत्र आणि अंतर तपासते. जिल्हा प्रशासन तपासते तो परिसर : रस्ता, वस्ती, शाळा. पेट्रोलियम नियमांत या चौकशीला तीन महिन्यांची मुदत आहे.

२४/
आणि गाव? १९५८ च्या कायद्याने ग्रामपंचायतीच्या कामांत धोकादायक व्यवसायांचे नियमन आले. ग्रामसभेत प्रश्न विचारता येतात. पण सुरक्षित अंतर किती, हे गाव ठरवत नाही. ते आधीच्या दुर्घटनांनी ठरवून दिलेले असते. गावाला झाडावरची पाने माहीत असतात, मुळे मात्र नियमावलीत असतात.

२५/
येथे दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. साठा जवळ नसेल तर गॅस गावात पोचत नाही, आणि चुलीचा धूर बायकांच्या छातीत साचत राहतो. २००९ मध्ये ग्रामीण वितरकांची योजना आली, १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात दिली गेली. प्रत्येक नव्या जोडणीमागे कुठे तरी एक गोदाम असतेच.

२६/
म्हणून ‘गोदाम हवे की नको’ या वादात इतिहासाचे उत्तर सापडत नाही. ते सापडते टाकी आणि घर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. सॅन हुआनिकोत टाक्या लोकांकडे चालत गेल्या नव्हत्या. मोकळी जागा भरत गेली. परवाना एका दिवशी मिळतो. त्या दिवशी नकाशावर दिसणारे अंतर वीस वर्षांनी शिल्लक राहील की नाही, हे परवान्याच्या कागदावर लिहिलेले नसते.

२७/
ते राखण्याचे काम मात्र नागपूरहून किंवा यवतमाळहून रोज होऊ शकत नाही. गावठाण वाढवताना, भूखंड पाडताना, टाकीच्या कुंपणालगत टपरीला होकार देताना निर्णय गावातच होतो. इंधनसाठ्याच्या परवानगीत गावाचा खरा वाटा आहे तो इथे, आणि तो पहिल्या परवान्यानंतर सुरू होतो.

(समाप्त)