पाण्याची हाडांवरील नोंद

वडीलधाऱ्यांची पाठ ताठरली, कंबर वाकली की आम्ही दोष वयाला देतो. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, आदिलाबाद आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत, तो दोष भूगर्भातील पाण्याचाही असू शकतो.

हाड एकदा घडले की कायमचे, हा समज खरा नव्हे. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवतात, अस्थिजनक पेशी त्या जागी नवे रचतात. प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा पालटतो. पाण्यातील जादा फ्लोराइड या नव्या रचनेत शिरते. असे हाड सहजी विरघळत नाही, उलट रचना मात्र वाढते. मोडण्या-घडण्याचा तोल जातो. हाड दाट पण ठिसूळ होते, कण्याचे अस्थिबंधही कठीण होतात.

१९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेल्लोर जिल्ह्यातील या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातील नलगोंडा त्यासाठी ओळखले गेले. गढूळ पाणी निवळणारी तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ १९७० च्या दशकात सिद्ध केली, ती नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने.

हाडांत मुरलेले फ्लोराइड निघायला वर्षानुवर्षे लागतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट, तर १.५ ही कमाल मर्यादा आहे. पूर्वजांनी येथे विहिरी खणल्या. त्यांचे पाणी तपासून घेणे हे आमच्या वाट्याचे काम आहे.